एअर फ्रायर की कन्व्हेक्शन ओव्हन: आधी पदार्थ ठरवा, मग यंत्र

या खरेदीत बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी सवलतीत दिसलं म्हणून यंत्र घरी येतं, मग त्यात काय करता येईल याची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी कळतं की त्याचा प्लग ओट्याजवळच्या बोर्डात बसतच नाही. वर्षभरानं एअर फ्रायर पापड भाजण्यापुरता उरतो आणि ओव्हनमध्ये जास्तीचे डबे ठेवले जातात. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. पहिले चार टप्पे घरी बसून, पैसे न खर्चता होतात.

टप्पा १: दुकानातली नावं वेगळी करा

‘कन्व्हेक्शन ओव्हन’ म्हणून आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे पंखा असलेला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल). वर-खाली तापणारे रॉड, एका बाजूला पंखा, समोर काचेचं दार. आकार साधारण १६ ते ६० लिटर, तापमान बहुधा १०० ते २५० अंश सेल्सिअस. सगळ्या ओटीजींना पंखा नसतो, हे लक्षात ठेवा. पंखा नसेल तर तो साधा ओव्हन.

दुसरी म्हणजे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. यात मायक्रोवेव्ह, ग्रिल आणि गरम हवा अशा तिन्ही सोयी असतात. बहुतेक मॉडेलमध्ये खालून तापणारा रॉड नसतो, त्यामुळे पिझ्झा आणि पावाचा तळ फिका राहतो. तापमानही अनेकदा २०० ते २२० अंशांपर्यंतच जातं.

एअर फ्रायर हाही मुळात पंख्याचा ओव्हनच. फक्त पोकळी लहान, कॉइल वर, तिच्यावर जोरदार पंखा आणि खाली भोकांची बास्केट. जागा लहान म्हणून दोन-तीन मिनिटांत तापतो, आणि वारा जोरात म्हणून पदार्थाचा वरचा थर लवकर कोरडा होतो. त्याचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी या दोन गोष्टींतून येतात. ‘फ्रायर’ नाव असलं तरी त्यात तळण होत नाही.

१० ते १२ लिटरचा, दार आणि ट्रे असलेला एअर फ्रायरही मिळतो. त्यात दोन ट्रे एकदम लावून दोन्ही सारखे खरपूस होतील अशी अपेक्षा ठेवू नका. वरचा आधी होतो आणि मध्येच ट्रेची अदलाबदल करावी लागते.

*तपासा:* घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आधीच असेल आणि त्यात फक्त दूध गरम होत असेल, तर नवीन काही घेण्याआधी त्याच्या उंच जाळीवर, कन्व्हेक्शन मोडवर, २०० अंशांना तापवून एकदा कोथिंबीर वडी करून बघा. बऱ्याच घरांचा प्रश्न इथेच मिटतो. मात्र धातूचा टिन किंवा जाळी कन्व्हेक्शन मोडमध्येच चालते. मायक्रोवेव्ह मोडमध्ये ठिणग्या उडतात.

टप्पा २: महिनाभराच्या पदार्थांची यादी करा

‘हेल्दी खायचं आहे’ ही यादी नव्हे. गेल्या महिन्यात घरात खरोखर काय तळलं, भाजलं, बाहेरून बेक केलेलं काय आणलं ते लिहा. मग प्रत्येक पदार्थ खालीलपैकी कुठे बसतो ते बघा.

*एअर फ्रायरमध्ये चांगलं होणारं:* आधी उकडलेलं किंवा घट्ट वळलेलं. कोथिंबीर वडी, अळुवडी, साबुदाणा वडा, कटलेट, पनीर, रवा लावलेली सुरमई किंवा पापलेट, चिकनचे तुकडे, फ्रोझन फ्राइज, भरताचं वांगं. शेंगदाणे १६० अंशांना १० ते १२ मिनिटांत भाजले जातात, मात्र दोनदा हलवावे लागतात.

*ओव्हनमध्येच चांगलं होणारं:* लादी पाव, ब्रेड, ८ इंची केक, नानकटाई, मोठा पिझ्झा, बेक केलेली शंकरपाळी आणि करंजी. गोव्याकडचा बेबिंका करायचा असेल तर वरचा रॉड एकटा चालू ठेवता येणारा ओटीजीच हवा, कारण त्याचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजला जातो.

*दोन्हीत न होणारं:* कांदा भजी, बटाटा वडा, मूग भजी, जिलेबी. कारण साधं आहे. गरम तेलात पडताक्षणी बेसनाच्या पिठाला चहूबाजूंनी आच लागते आणि कवच धरतं. गरम हवेत तेच व्हायला काही मिनिटं जातात, तोवर पीठ भोकांतून खाली गळतं किंवा वाऱ्यानं एका बाजूला ओघळतं. ‘तेलाशिवाय कुरकुरीत भजी’ म्हणून जे दाखवतात, ती घट्ट पिठाची थापून केलेली वडी असते. चकली होते, पण तोंडात विरघळणारी नाही, जरा टणक. अनारशाचा विचारही करू नका.

*सावधान:* वजनाला हलक्या वस्तू एअर फ्रायरमध्ये उडतात. पातळ पोहे, सुकं खोबरं, कढीपत्ता, मोकळा बटर पेपर थेट वरच्या कॉइलवर जाऊन चिकटतात आणि जळतात. पापडावर छोटी स्टीलची जाळी पालथी ठेवा. बटर पेपर घातलाच तर त्यावर पदार्थाचं वजन हवं, आणि रिकामं तापवताना तो आत नको.

टप्पा ३: लिटर विसरा, घाणा मोजा

खोक्यावरचे लिटर उंचीसकट मोजलेले असतात. पण वड्या एकमेकींवर रचून होत नाहीत, त्यांना एकाच थरात, मध्ये बोटभर जागा सोडून मांडावं लागतं. म्हणून विचारायची गोष्ट एकच: तळाची लांबी-रुंदी किती?

कागदावर हिशेब करा. साबुदाणा वडा साधारण ५ सेंटीमीटरचा. बास्केटचा तळ आतून २० बाय २० सेंटीमीटर असेल तर एका ओळीत ३, म्हणजे एका घाण्यात ९ वडे. ओटीजीचा ट्रे ३० बाय २६ सेंटीमीटर असेल तर २०. पाच माणसांना चार-चार वडे धरले तर ओव्हनचा एक घाणा आणि एअर फ्रायरचे तीन.

आता वेळ आणि वीज. १५०० वॉटचा एअर फ्रायर ३ मिनिटं तापवून १२ मिनिटांचा एक घाणा काढला तर १५ मिनिटं, म्हणजे जास्तीत जास्त ०.३८ युनिट. १६०० वॉटचा ओटीजी १२ मिनिटं तापवून २२ मिनिटं भाजला तर ३४ मिनिटं आणि जास्तीत जास्त ०.९१ युनिट. एका घाण्याला एअर फ्रायर उघड उघड सरस आहे. पण तीन घाण्यांना त्यालाच ३९ मिनिटं आणि ०.९८ युनिट लागतात. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत असल्यामुळे दोन्हींचा खरा खप याहून कमी भरतो, तरी तुलना तीच राहते. तिसऱ्या घाण्याला फायदा संपतो, शिवाय पहिले वडे तोवर मऊ पडतात.

*तपासा:* जुन्या वर्तमानपत्राचा तळाच्या मापाचा तुकडा कापा आणि त्यावर तुमच्या नेहमीच्या वड्या किंवा माशाच्या तुकड्या मांडून बघा. घरच्या एका जेवणाला दोनपेक्षा जास्त घाणे लागत असतील तर लहान एअर फ्रायर तुमच्यासाठी नाही.

टप्पा ४: प्लग, वायर आणि ओटा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि बोर्ड जळतात ते इथेच.

घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला ते १३८० वॉटपर्यंतच झेपतं. १५०० वॉटचा एअर फ्रायर साडेसहा अँपिअर ओढतो, १६०० वॉटचा ओटीजी ७. म्हणून त्यांना जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग येतो. तो लहान सॉकेटात बसावा म्हणून कन्व्हर्टर किंवा मल्टीप्लग लावणं म्हणजे ती मर्यादा स्वतःच्या हातानं मोडणं. एक्स्टेन्शन बोर्डचंही तेच. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो, मग पिन सॉकेटात चिकटते.

१. ओट्याजवळ १६ अँपिअरचं सॉकेट आहे का ते बघा. फ्रिज किंवा गीझरचं उसनं घ्यायचं नाही.
२. त्याच लाइनवर आणखी काय आहे ते शोधा. १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) १६०० वॉटचा ओव्हन आणि १८०० वॉटची इंडक्शन शेगडी मिळून जवळपास १५ अँपिअर होतात. त्यात मिक्सर लावला की एमसीबी पडू शकतो.
३. जुनं घर असेल तर वायरमनला बोलावून सॉकेटामागची वायर आणि अर्थिंग तपासून घ्या. नुसतं सॉकेट बदलून आतली बारीक वायर तशीच ठेवू देऊ नका.
४. घरगुती इन्व्हर्टरवर यातलं काहीही चालवायचं नाही.

मग जागा. एअर फ्रायर गरम हवा मागून सोडतो. भिंत, पडदा, प्लास्टिकचा बोर्ड, पाण्याच्या फिल्टरची नळी यांपासून १०-१५ सेंटीमीटर लांब हवा. ओटीजीची पाठ, बाजू आणि माथा तिन्ही तापतात, त्यामुळे त्याच्यावर काहीच ठेवायचं नाही. बंद ट्रॉलीच्या खणात ठेवून वापरू नका. गॅसच्या शेगडीवर ‘तात्पुरता’ ठेवलेला एअर फ्रायर हा तर अपघातच: कुणीतरी चुकून नॉब फिरवतं आणि खालचं प्लास्टिक वितळतं.

*तपासा:* मोजताना दार किंवा बास्केट पूर्ण बाहेर काढल्यावर लागणारी जागाही धरा. ओव्हनचं दार पुढे खाली उघडतं, ओटा अरुंद असेल तर ते तुमच्या पोटाशी येतं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेत घरातला पुरवठा १२० व्होल्टचा, त्यामुळे भारतातून नेलेलं २३० व्होल्टचं यंत्र तिथे नीट तापणार नाही. शिवाय तिथल्या घरांत शेगडीखाली मोठा ओव्हन बहुधा असतोच. तेव्हा तिथे प्रश्न फक्त लहान घाण्याच्या सोयीचा उरतो.

टप्पा ५: निवड

एक-दोन माणसं, यादीत वड्या-मासे-फ्रोझन जास्त, बेकिंग नाही: ४ ते ५ लिटरचा, चौकोनी बास्केटचा एअर फ्रायर. गोल बास्केटमध्ये कोपरे नसल्यामुळे वड्या कमी बसतात.

चार-पाच माणसं किंवा पाव-केकची आवड: २८ ते ३५ लिटरचा, पंखा असलेला ओटीजी. पंखा स्वतंत्रपणे बंद करता आला पाहिजे आणि वरचा-खालचा रॉड वेगवेगळा चालला पाहिजे. १६-१८ लिटरच्या ओटीजीत रॉड पदार्थाच्या फार जवळ येतो, केक वरून करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. नवशिक्यांनी तो टाळावा.

दोन्ही हवं आणि पैसे एकाचेच असतील तर ओटीजी घ्या. ओव्हनमध्ये वडी जरा उशिरा का होईना, चांगली होते. एअर फ्रायरमध्ये लादी पाव मात्र मनासारखा होत नाही.

टप्पा ६: दुकानात काय उघडून बघायचं

एअर फ्रायरची बास्केट बाहेर काढून तिचा लेप बोटानं तपासा, कडांना ओरखडे नकोत. आतली जाळी निघते का, हँडल हलतं का, तेही बघा. वर डोकावून कॉइल दिसते का पाहा, कारण ती कधीतरी पुसावी लागणार आहे.

ओटीजीचं दार बंद करून कडेला कागदाची पट्टी अडकवा. सहज निसटली तर तिथून उष्णता गळणार. पावाचा चुरा साठणारा खालचा ट्रे सरकवून बाहेर निघतो का, ट्रे धरायचा चिमटा आणि दोन जाळ्या सोबत आहेत का, आत दिवा आहे का, हे पाहून घ्या.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. बास्केट, काच, रॉड सुटे मिळतात का? दुरुस्ती केंद्र तुमच्या गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का? बास्केटचा लेप गेला आणि सुटी बास्केट मिळत नसेल तर चालू यंत्र टाकून द्यावं लागतं. प्रीसेट बटणं आठ की बारा यानं काहीच फरक पडत नाही. तापमान आणि वेळ आपणच लावायची असते.

टप्पा ७: पहिल्या दिवशी पदार्थ करू नका

१. आतले सगळे थर्माकोल, टेप, पुठ्ठे काढा. जाळीच्या खाली एखादा हमखास राहतो.
२. बास्केट, ट्रे साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा.
३. रिकामं तापवा: एअर फ्रायर २०० अंशांना १० ते १५ मिनिटं, ओटीजी दोन्ही रॉड चालू ठेवून २३० अंशांना १५ ते २० मिनिटं. थोडा धूर आणि वास येतो, तो रॉडवरच्या संरक्षक थराचा. खिडकी उघडी ठेवा. घरात पोपट किंवा लव्ह बर्ड असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या. तापलेल्या नॉनस्टिक लेपाचा धूर पक्ष्यांना सोसत नाही.
४. ओटीजीचं तापमान साखरेनं तपासा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर मधल्या जाळीवर, पंखा बंद, १७० अंशांना तापवलेल्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं ठेवा. वितळली तर तुमचा ओव्हन नॉबवरच्या आकड्यापेक्षा गरम आहे. नवीन साखर घेऊन २०० अंशांना तेच करा. १५ मिनिटांत जशीच्या तशी राहिली तर थंड आहे. एअर फ्रायरमध्ये ही चाचणी नको, साखर उडते.
५. मग ब्रेड. ट्रेवर किंवा बास्केटमध्ये स्लाइस चिकटून मांडा आणि १८० अंशांना ओव्हनमध्ये ६ ते ८ मिनिटं, एअर फ्रायरमध्ये ३ ते ४ मिनिटं ठेवा. एअर फ्रायरमध्ये स्लाइसवर जाळी पालथी घाला. जिथला ब्रेड आधी तांबूस होतो ती बाजू लक्षात ठेवा. पुढे ट्रे त्याप्रमाणे मध्येच फिरवायचा.

*सावधान:* दोन्ही चाचण्यांत मोठी गडबड दिसली तर बदलून मिळण्याच्या मुदतीतच दुकानात कळवा. तोवर खोकं आणि पॅकिंग फेकू नका.

टप्पा ८: कोथिंबीर वडी, दोन्ही यंत्रांत

शिकायला हाच पदार्थ घ्या, कारण यात बहुतेक सगळ्या चुका दिसतात.

उंडे उकडून पूर्ण गार करा. गरम कापले तर वडी तुटते आणि आतली वाफ वरचा थर ओला ठेवते. एक-सव्वा सेंटीमीटर जाडीच्या वड्या कापा, त्याहून पातळ नको, वारा त्यांना वाळवून टाकतो. १२ वड्यांना दीड छोटा चमचा तेल ब्रशनं दोन्ही बाजूंना लावा. तेल अजिबात न लावणं ही सर्वांत मोठी चूक. कोरडं बेसन पांढुरकं राहतं आणि घशाला लागतं.

एअर फ्रायर: ३ मिनिटं तापवा, १९० अंश, ७ मिनिटांनी उलटा, पुन्हा ५ मिनिटं.

पंख्याचा ओटीजी: १२ मिनिटं तापवा, २०० अंश, दोन्ही रॉड आणि पंखा, मधली जाळी. १२ मिनिटांनी उलटा, पुन्हा ८ ते १० मिनिटं. ट्रेऐवजी जाळीवर मांडल्यात तर खालची बाजू घामेजत नाही.

काढल्यावर डब्यात भरू नका. दोन मिनिटं जाळीवर राहू द्या.

*काय बिघडलं, का बिघडलं:* बाहेर करपलं, आत थंड असेल तर तापमान जास्त होतं, २० अंश कमी करा. मऊ राहिलं असेल तर गर्दी केली किंवा यंत्र तापवलं नाही. कडक लाकडासारखं झालं असेल तर वेळ जास्त झाली. एका बाजूला काळं पडलं तर ब्रेडची चाचणी आठवा.

टप्पा ९: दुसऱ्याच्या कृतीतलं तापमान आपल्या यंत्रात

कृती पंखा नसलेल्या ओव्हनची असेल, समजा १८० अंश आणि ३० मिनिटं, तर पंख्याच्या ओटीजीत १६० ते १६५ अंश आणि २५ मिनिटांनी तपासणी. एअर फ्रायरमध्ये १५० ते १६० अंश आणि १८व्या मिनिटापासून तपासणी. अमेरिकन कृतीतले ३५० हे फॅरेनहाइट, म्हणजे आपले साधारण १७५ ते १८०. त्यांचे ४०० म्हणजे आपले २००.

एअर फ्रायरमध्ये केक करायचाच तर ६ इंची टिन, १५० ते १५५ अंश. १५ मिनिटांनी वरून फॉइल लावून कडा घट्ट दुमडा, नाहीतर वारा ती उडवतो. टिन आणि भिंतीत दोन सेंटीमीटर मोकळे हवेत, हवा तिथूनच खाली जाते.

चिकनची चरबी खाली गळून धूर होत असेल तर बास्केटखालच्या भागात दोन मोठे चमचे पाणी घाला. मॅरिनेशनमध्ये साखर किंवा मध असेल तर १८० अंशांच्या वर जाऊ नका. बोंबील आधी वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय दोन्हीपैकी कशातही ठेवू नका, ते वाफवले जातात.

रोजची निगा

डब्यातला कुकिंग स्प्रे नॉनस्टिक बास्केटवर मारू नका, त्याचा चिकट थर बसतो आणि तो खरवडताना लेप निघतो. तेलाचा ब्रश पुरे. तारेची घासणी वर्ज्य. बास्केट कोमट झाल्यावर साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवून स्पंजनं धुवा. गरम काचेवर ओलं फडकं मारू नका, ती तडकते. ओटीजीच्या तळाला पूर्ण फॉइल अंथरू नका. खालच्या रॉडची उष्णता अडते आणि पाव तळाला कच्चा राहतो. एअर फ्रायरची कॉइल महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर, ओलसर मऊ ब्रशनं पुसा. सुरमईचा वास केकला लागतो तो याच कॉइलवरच्या तेलकटपणामुळे.